जॉन कार्पेंटर बघायचाय, सुरुवात कुठून करू?

रातकिडा: परवा 'हॅलोवीन' (१९७८) पहिल्यांदा पाहिला. रक्त जवळजवळ नाहीच, तरी नंतर पाणी प्यायला उठायची हिंमत होईना. आता त्याचा दिग्दर्शक कार्पेंटर, ह्याचं बाकीचं काम बघायचंय. कशापासून सुरू करू? आणि हा बाबा शिकला कोणाकडून? अट एकच, सोबत बायको असते, तिला किळसवाणं झेपत नाही.

गढीवरचा: लगेच भयपटांकडे वळू नका. आधी दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचा वेस्टर्न (काउबॉयपट) 'रिओ ब्राव्हो' (१९५९) बघा आणि लागोपाठ कार्पेंटरचा 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३' (१९७६). हॉक्स त्याचं दैवत. 'असॉल्ट'चं संकलन स्वतः केलं आणि श्रेयनामावलीत नाव टाकलं जॉन टी. चान्स, म्हणजे 'रिओ ब्राव्हो'मधलं जॉन वेनचं पात्र! माणूस मुळात वेस्टर्नवाला. बाहेर वेढा पडलाय, आत चारदोन माणसं अडकलीत. घोडे काढून भुतं घातली की झाला 'द फॉग'. 'प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्येही तेच, फक्त गढीच्या जागी चर्च.

'हॅलोवीन'मध्ये पोरं टीव्हीवर काय बघतायत ते परत बघा. हॉक्सनेच निर्माण केलेला 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' चालू असतो. चार वर्षांनी कार्पेंटरने 'द थिंग' केला, पण हॉक्सची नक्कल न करता मूळ कथेकडे गेला. त्यातला प्राणी कोणाचंही रूप घेतो, म्हणजे वेढा आतूनच.

मी_पुन्हा_आले: +१, पण त्यांच्या घरी 'द थिंग' नको हो! रॉब बॉटिनच्या मेकअप-इफेक्ट्सची करामत जेवताना तर नकोच. जून १९८२ मध्ये आला आणि आपटला. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' लागलेला, लोकांना गोड परग्रहवासी हवा होता. आज तोच त्याचा सर्वोत्तम मानतात, मीही मानते.

पाचमात्रा: संगीताचं कोणीच काढलं नाही? वडील संगीताचे प्राध्यापक. 'हॅलोवीन'च्या धूनेतला ५/४ चा, म्हणजे पाच मात्रांचा ठेका त्यांनीच ह्याला लहानपणी बोंगोवर शिकवला होता. चारच्या सवयीने पाय ठोकून बघा, दर वेळी चुकतो. अर्धी भीती तिथेच आहे. 'द थिंग'ला मात्र संगीत एन्निओ मोरिकोनेचं. बायकोसोबत 'स्टारमन' (१९८४) बघा, चक्क प्रेमकथा आहे.

रातकिडा: काल 'असॉल्ट' लावला. गढीवरचे, आईस्क्रीमच्या गाडीचा प्रसंग आधी सांगायचात ना! बायको उठून आत गेली ती गेलीच. मी एकट्याने संपवला, जबरदस्त आहे.

गढीवरचा: अरे देवा, ते डोक्यातच आलं नाही. वहिनींची माफी मागतो.

पाचमात्रा: 'स्टारमन' म्हटलं होतं मी.