मदत हवी आहे: चोर्ला चढताना चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडीचा दम जातो

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ ची, फोर बाय फोर, कॉमन रेल डिझेल, व्हेरिएबल टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), केए २२ पासिंग, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणातच संपतो.

त्रास असा आहे. बेळगाव-खानापूर, निपाणीपर्यंतचा हायवे, जांबोटीकडचा चिखल, कुठंच कुरकुर नाही. पण साखळीकडून चोर्ला घाट चढायला लागलं की मध्येच पिवळा दिवा लागतो आणि गाडी मरगळते. पाय पूर्ण दाबला तरी आरपीएम अडीच हजारांच्या पुढं सरकत नाही, मागं काळा धूर. बाजूला घेऊन चावी बंद करून पुन्हा स्टार्टर मारला की ताकद येते, दिवा मात्र तसाच. टेंपरेचरचा काटा जागेवर असतो. ऑइलचा लाल दिवा लागलेला नाही. तो लागला असता तर इंजिन तिथंच बंद करून टोइंग बोलावलं असतं, इथं विचारत बसलो नसतो.

एका मिस्त्रींनी बॉनेट न उघडताच निकाल दिला, "टर्बो गेलाय की हो, बदलूनच टाका." दुसरे म्हणाले इंजेक्टर. तिसऱ्यांनी बॅटरीची वायर काढून दिवा घालवला. दिवा गेला, पण त्याबरोबर ईसीयूतली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरातली, बिघाडाची नोंदही गेली.

मग ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीतल्या बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं यंत्र) घेतला. पुढच्या घाटात कोड मिळाला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब पाहिजे त्यापेक्षा कमी. का कमी, ते कोड सांगत नाही. फ्रीज फ्रेममध्ये (कोड आला त्या क्षणाच्या नोंदीत) तिसरा गिअर लागेल असा वेग आणि लोड जवळजवळ पूर्ण दिसतोय. आणखी एक गोष्ट: इंजिन बंद, चावी ऑन असताना मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) ९३ दाखवतो. एक मित्र म्हणतो १०० पाहिजे, म्हणजे सेन्सर खराब.

टर्बोचा खर्च ऐकून घरात विषय काढायची सोय नाही. त्याआधी स्वतः काय काय तपासता येईल?

प्रतिसाद:
दादा, सेन्सरला हात लावू नका. तो किलोपास्कलमध्ये हवेचा दाब दाखवतो. १०० च्या आसपासचा आकडा समुद्रसपाटीचा. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, तिथं ९२-९३ च यायला हवा. गोव्यात उतरलात की पुन्हा बघा, वाढलेला दिसेल. तसा दिसला तर सेन्सर धडधाकट आहे.

काळा धूर आणि फक्त चढावर त्रास, यावरून मला हवा गळतेय असं वाटतं. टर्बो ते इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन, हे दोन्ही रबरी पाईप काढून बघा. वरून बघून उपयोग नाही, चीर बहुतेक वेळा खालच्या अंगाला किंवा क्लिपच्या आत असते. सपाटीवर दाब कमी असतो, तेव्हा ती मिटलेली राहते. चढावर भर पडला की उघडते. शिट्टीसारखा किंवा फुस्स असा आवाज येतो का, तेही ऐका.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. पाईपबरोबर व्हॅक्यूमच्या बारीक नळ्याही बघा, दहा वर्षांत त्या कडक होऊन तडकतात. इंजिन आयडलवर असताना टर्बोच्या अ‍ॅक्चुएटरची दांडी (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारी) ओढलेली आणि बंद केल्यावर परत आलेली दिसली पाहिजे. हललीच नाही तर नळी, सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा व्हॅक्यूम पंप बघायचा. अडकत अडकत हलली तर टर्बोच्या आत काजळी साचलेली असू शकते. तेव्हा कुठं टर्बो काढायचा विषय येतो. आणि हो, कोड पुसायच्या आधी स्क्रीनशॉट घ्यायचा. बॅटरी काढणं हा इलाज नव्हे.

धागाकर्ता:
आभार! दांडी पूर्ण हलते, अडकत नाही. इंटरकूलरच्या खालच्या पाईपाला क्लिपजवळ बोटभर चीर सापडली, आजूबाजूला सगळं तेलकट आणि धूळ चिकटलेली. वरून काहीच दिसत नव्हतं. नवीन पाईप मागवलाय. पण आत तेल आहे म्हणजे टर्बोचं सीलही गेलं का?

प्रतिसाद:
पातळ थर असेल तर घाबरू नका, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ हवेच्या वाटेत सोडणाऱ्या नळीतून) तेवढं येतंच. पाईप उलटा केल्यावर तेल ओघळलं तर मात्र टर्बोचा शाफ्ट (आतला फिरणारा दांडा, अ‍ॅक्चुएटरची दांडी नव्हे) बाजूला किती हलतो ते मिस्त्रींकडून बघून घ्या. एअर फिल्टर पण बघा, चोकअप असला तरी हाच कोड येतो. नवा पाईप बसवला की कोड पुसा आणि घाटात शेजाऱ्याला डोंगलवर लक्ष ठेवायला सांगा, गाडी चालवता चालवता मोबाईल बघू नका. तिसऱ्या गिअरला पूर्ण पाय दिल्यावर मॅप ९० च्या घरात न राहता भराभर वर चढला पाहिजे.