कोल्हापूर ते जळगाव विमानाने ३७ मिनिटं?

ऊसपट्टा:
बहीण जळगावला दिलीय. दर भाऊबीजेला तोच प्रश्न, जायचं कसं? अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन्ही गावं टाकली. हवाई अंतर ४९५ कि.मी., उड्डाण ३७ मिनिटं. हरखून तिकीट शोधायला गेलो, तर थेट विमानच सापडेना. जिथं विमान उडत नाही तिथली वेळ छापूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

केळीबाग:
भाऊ, आकड्यावर कशाला चिडता? उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, ते जळगाव विमानतळ सरळ रेघ ओढली तर अंतर तेवढंच भरतं. रस्त्यानं पुणे, संभाजीनगर करत सव्वासहाशे. मधले सव्वाशे कि.मी. वाचतात, हे दाखवूनच तर विमान मागायचं!

रनवे_२७:
अंतर बरोबर, वेळ खोटी. ३७ मिनिटं म्हणजे ताशी ८०० धरलेत, तो मोठ्या जेटचा वेग. जळगावची धावपट्टी १,७०० मीटरच्या आसपास, तिथं एटीआर ७२ सोयीचं. ते पंख्याचं विमान, ताशी ५०० च्या घरात. चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं धरून सव्वा तास. त्यात चेक-इन काउंटर तासभर आधी बंद. दारातून दारात चार तास.

ऊसपट्टा:
चार तर चार! गाडीनं बारा जातात.

डबा_एस४:
महाराष्ट्र एक्सप्रेस कुणालाच आठवत नाही का? दुपारी कोल्हापुरात बसा, रात्री झोपा, सकाळी जळगाव. स्लीपरचं तिकीट विमानतळावरच्या दोन कॉफ्यांच्या भावात. सगळ्यांना उडायचंच कशाला आहे?

ऊसपट्टा:
भावा, आईचे गुडघे ७२ वर्षांचे आहेत. तिला एवढा वेळ बसवत नाही.

हिशेबनीस:
पण विमान भरणार कोण? एटीआरमध्ये सत्तरेक जागा. कोल्हापूरजवळच्या हुपरीची चांदी, जळगावचं सोनं, व्यापाऱ्यांची ये-जा असते, मान्य. पण रोज सत्तर माणसं? छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत तोट्याची भरपाई तीन वर्षं, पुढं कंपनीनं आपलं आपण बघायचं. जळगावची सेवा २०१७, २०१९ आणि २०२४ अशी तीनदा सुरू झाली. म्हणजे मध्ये दोनदा बंद पडली, हेही मोजा.

केळीबाग:
रोज कोण मागतंय? आठवड्यातून दोनदा सोडा. आणि बंद पडली ती माणसं नव्हती म्हणूनच, हे तुम्ही कशावरून ठरवलं? वेळा धड नसतील, आज आहे उद्या नाही असं असेल, तर भरवशावर तिकीट काढणार कोण? आधी सेवा टिकवा, मग गर्दी मोजा.

हिशेबनीस:
टिकवायची कुणाच्या पैशानं? माझ्या करातून नको.

केळीबाग:
एसटी पण तोट्यात धावते. ती बंद करायची का?

रनवे_२७:
भांडा खुशाल, पण आजचा पर्याय बघा. मुंबईत विमान बदलायचं, तेही वेळा जुळल्या तर. कोल्हापूर–मुंबई साधारण ३०५ आणि मुंबई–जळगाव ३५५, मिळून ६६० कि.मी. म्हणजे आकाशातून जाऊन रस्त्यापेक्षा लांब पडतं!

ऊसपट्टा:
हा हिशेब बहिणीला वाचून दाखवला. म्हणाली, आईला हलवू नकोस, यंदा मीच माहेरी येते. तिकीट काढलंय महाराष्ट्र एक्सप्रेसचं. डबा_एस४ यांनी हसू नये.