वाचन प्रेरणा दिन मुलांच्याच माथी का?

नायगावकर:
१५ ऑक्टोबर आला की शाळाशाळांतून कलामांच्या फोटोला हार आणि पोरांना 'वाचा रे वाचा'चा डोस. पोरं निदान धडे तरी वाचतात. पदवी हातात पडल्यावर एकही पुस्तक न उघडलेले आपण मात्र आलेला प्रत्येक फॉरवर्ड वेदवाक्य मानून पुढे ढकलतो. पटत नसलं तरी एखाद्याचं म्हणणं तीनशे पानं ऐकून घ्यायची आपली सवयच मोडलीय. तेव्हा आधी चाळिशीतल्यांना वाचायला लावा. १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आमच्या दारात आहे. आमच्या सोसायटीत किती जण सभासद आहेत, विचारायची सोय नाही.

बोरिवली फास्ट:
लोकलमध्ये एक हात कडीला, दुसरा बॅगेवर. पुस्तक काय दातात धरू? मी हेडफोन लावून ऐकतो. त्याला वाचन म्हणायचं नसेल तर नका म्हणू. आणि वाचणारे शहाणे असतात हेही सोडा. आमचे एक जुने साहेब, कपाटभर पुस्तकं वाचलेले, पण शिपायाशी बोलताना जिभेला हाड नाही.

दोन पोरांची आई:
नायगावकर, 'आधी मोठे' हे मला पटत नाही. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात, चौथीला. घरात मराठी फाडफाड बोलतो, पण पानावर 'ज्योत्स्ना' आली की गाडी अडली. मग नियम केला, रात्री एक पान मी, एक पान तो. आधी रडारड. नंतर मी चोर सापडणार एवढ्यात माझं पान संपेल अशा बेताने सुरुवात करायला लागले. आता पुढचं पान स्वतः ओढून घेतो, अडखळत का होईना. खर्चही नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

बोरिवली फास्ट:
म्हणजे शेवटी स्क्रीनच ना? मग आम्ही ऐकलं तर काय बिघडलं?

दोन पोरांची आई:
ऐकून जोडाक्षर येत नाही हो. तुम्हाला आधीच येतंय म्हणून तुमचं भागतं.

काउंटरपलीकडून:
मी वाचनालयात काम करते. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाच्या अ-ब-क-ड वर्गानुसार सरकारी अनुदान मिळतं, त्यातून पगार काय सुटतो ते विचारू नका. मुलं क्लास आटपून मोकळी होतात साडेसातला, आमचा बालविभाग बंद होतो सातला. शनिवारी जी येतात, त्यांच्यातल्या एखाद्याने भुताचं पुस्तक उचललं की आई-बाबा ते परत ठेवून थोरामोठ्यांचं चरित्र घेतात. पंधरा दिवसांनी ते तसंच परत येतं, नव्या बांधणीचा कडकपणाही न मोडलेला. भुताचं न्या की!

नायगावकर:
भुताचं द्यावं, मान्य. पण त्या आई-बाबांनी स्वतःसाठी काय नेलं?

काउंटरपलीकडून:
बहुतेकांनी स्वतःची वर्गणी भरलेलीच नसते. तरी दिवाळी अंकांची योजना सुरू झाली की काउंटरला गर्दी होते, त्यामुळे मोठे अजिबात वाचत नाहीत हेही खोटं. मात्र बालविभाग उशिरापर्यंत उघडा ठेवा, असा अर्ज माझ्या काळात एकाही पालकाने दिलेला नाही. इथल्या कुणाला आपापल्या वाचनालयात द्यायचा असेल तर तोंडी सांगू नका, कार्यकारिणीच्या नावाने लेखी द्या, खाली आणखी चार पालकांच्या सह्या घ्या. एकट्याचा अर्ज फायलीत जातो.