हिटिंग कोच बदलून यांकीजना काय मिळालं?

एडिसनकर

रविवारी जेवताना मेहुण्याशी वाद झाला आणि तो अर्धाच राहिला. इथे बेसबॉल बघणारे बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय.

विषय जुलै २०२३ चा. ९ तारखेला न्यूयॉर्क यांकीज शिकागो कब्जकडून ७-४ हरले, ऑल-स्टारची सुट्टी लागली आणि त्याच दिवशी हिटिंग कोच (बॅटिंग शिकवणारा) डिलन लॉसनला काढून टाकलं. ब्रायन कॅशमन १९९८ पासून जनरल मॅनेजर आहे. चालू सीझनमध्ये कोचला घरी पाठवायची त्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी जुना खेळाडू शॉन केसी त्या जागी आला. मेहुणा म्हणतो, बरोबर केलं. मी म्हणतो, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

याच लॉसनच्या हाताखाली २०२२ मध्ये ॲरन जजने ६२ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे) मारले. त्या वर्षी संघाचे होमरन २५४, सगळ्या लीगमध्ये सर्वात जास्त. वर्षभरात हा माणूस शिकवायचं विसरला का? ३ जूनला लॉस एंजेलिसमध्ये झेल घेताना जज बुलपेनच्या (चेंडू टाकणारे पिचर सराव करतात त्या जागेच्या) फाटकावर आदळला. खालच्या काँक्रीटच्या पट्टीवर पायाचा अंगठा आपटला आणि लिगामेंट फाटलं. तो ४२ सामने बाहेर होता, त्यातले संघाने १९ जिंकले, २३ हरले.

आणि आपला पहिल्या बेसवरचा खेळाडू रिझो. २८ मेला मी स्टेडियममध्ये होतो, पहिल्या बेसच्या बाजूला. पिचरने बेसवर चेंडू फेकला, बेसवर परत येणाऱ्या समोरच्या संघाच्या फर्नांडो टाटिसचं कंबरडं रिझोच्या डोक्यावर आदळलं. तो खाली बसला आणि मान वर करेना. मान दुखावली, एवढंच तेव्हा सांगितलं. त्या दिवसापर्यंत त्याचे ११ होमरन होते. त्यानंतर पूर्ण सीझनमध्ये एक. जुलैत परत गेलो तेव्हा मधोमध आलेल्या फास्टबॉललाही त्याची बॅट उशिरा येत होती, आणि लोक हुर्यो उडवत होते. डोक्याला मार बसल्याचा परिणाम आहे हे ऑगस्टमध्ये जाहीर झालं. तोवर लॉसन घरी बसला होता.

मधल्या फळीतला

असहमत. रिझोचं वाईटच झालं, पण तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. बॅट उशिरा येतेय हे तुम्हाला स्टँडमधून दिसलं. मग रोज सरावाच्या पिंजऱ्यात शेजारी उभं राहणाऱ्या कोचला सगळ्यात आधी दिसायला नको का? स्विंगमध्ये काही खोट नाही आणि तरीही माणूस उशीर करतोय, तर डॉक्टरकडे न्या, हे सांगणं त्याचंच काम.

जज नव्हता, मान्य. बाकीचे आठ जण काय करत होते? संघाची बॅटिंग सरासरी ०.२३१, तीस संघांत तळाजवळ. (क्रिकेटवाल्यांसाठी: म्हणजे हजार प्रयत्नांत २३१ हिट.) जॉश डोनाल्डसनने त्या वर्षी यांकीजसाठी एकूण १५ हिट मारले, त्यातले १० होमरन! लागला तर स्टँडमध्ये, नाहीतर डगआउटमध्ये परत. स्ट्राइक दिसला की जोरात हाण, ही लॉसनची शिकवण. ती अंगात भिनली की दोन आउट असताना दुसऱ्या बेसवरच्या माणसाला घरी आणणारा, म्हणजे धाव मिळवून देणारा, साधा एकेरी फटका कुणी मारत नाही.

आकडेमोड

दोघांनी पुढचे आकडे दिलेच नाहीत. लॉसन गेला तेव्हा ४९ विजय, ४२ पराभव. केसीच्या हाती ३३ विजय, ३८ पराभव. जज २८ जुलैला परतला, तरीही. सीझनअखेर सरासरी ०.२२७, म्हणजे होती त्याहून खाली. ८२-८० वर संघ संपला आणि २०१६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) हुकले. संघातला डीजे लमेह्यू उत्तरार्धात खरंच सुधारला, ते केसीच्या खात्यात टाका. पण एका माणसाच्या सुधारण्यावर पूर्ण बदल योग्य ठरवता येत नाही.

शिवाय दोघे सहायक हिटिंग कोच सीझन संपेपर्यंत तेच होते. व्हिडिओ, समोरच्या पिचरचा अभ्यास, पिंजऱ्यातला सराव, सगळी यंत्रणा जुनीच.

सॉफ्टबॉलची आई

मी न्यू जर्सीतच असते, लेक चौदा वर्षांची, सॉफ्टबॉल खेळते. मला बदल योग्य वाटला होता, आजही वाटतो. कारण सांगते.

दोन वर्षांपूर्वी तिला एका नावाजलेल्या केंद्रात घातलं होतं. बॅटच्या मुठीला सेन्सर लावायचे. प्रत्येक स्विंगनंतर टॅबवर बॅटचा वेग, कोन, आणखी काहीबाही. शिकवणारा मुलगा हुशार होता, मन लावून शिकवायचा. पण महिन्याभरात माझी पोर स्विंग झाला की टॅबकडे बघायला लागली. चेंडू कुठे गेला ते बघतच नव्हती. सामन्यात तर बॅट खांद्यावरून सुटेचना.

मग एक जुन्या खेळाडू बाई भेटल्या. उलट्या बादलीवर बसून बाजूने हलके चेंडू टाकायच्या आणि एकच विचारायच्या, “आवाज कसा आला?” बॅटच्या मधोमध लागला की टणक आवाज येतो, टोकाला लागला की बद्द. पोरीला तीन आठवड्यांत आवाजावरून कळायला लागलं.

ताशी ९५ मैलांचा चेंडू पोहोचायला सेकंदाचा चार दशांश लागतो. तेवढ्यात डोक्यात एकच विचार मावतो. केसी बारा सीझन खेळलेला, सरासरी ०.३०२. लॉसन मेजर लीगमध्ये कधी उभाच राहिला नाही. घाबरलेल्या बॅटरला कुठला एक विचार द्यायचा, हे तिथे उभं राहिलेल्याला जास्त कळतं.

एडिसनकर

ताई, पोरीचा अनुभव पटला, आणि आकड्यांच्या ओझ्याबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. पण केसीने त्याआधी व्यावसायिक संघात एक दिवसही कोचिंग केलेलं नव्हतं. टीव्हीवर विश्लेषण करत होता. मॅनेजर ॲरन बून सिनसिनाटीत त्याच्यासोबत खेळलेला, म्हणून फोन गेला. तुमच्या बाईंनी आधी किती पोरी शिकवल्या असतील?

मधल्या फळीतले, तुमचा प्रश्न मला लागला. कोचला दिसायला हवं होतं, खरंय. पण केसी आल्यावरही तीन आठवडे रिझो तसाच खेळत होता. एकाला नोकरी गमवावी लागते आणि दुसऱ्याला कुणी विचारतही नाही, यावर माझा आक्षेप आहे.

बालाघाट

भारताचे तेव्हाचे बॅटिंग कोच, आमच्या बीडच्या संजय बांगरचं आठवलं. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्ध आपले ३ बाद ५ झाले. रोहित, राहुल, कोहली प्रत्येकी एक धाव. धोनी सातव्या नंबरवर आला. ऑगस्टमध्ये बोलिंग कोच भरत अरुण राहिले, फील्डिंग कोच श्रीधर राहिले, बांगर तेवढे गेले आणि विक्रम राठोड आले. चौथ्या नंबरचा बॅट्समन ठरवायचा राहिला, तो काय एकट्या बॅटिंग कोचने? संघ निवडणारे दुसरेच असतात.

मधल्या फळीतला

बालाघाट, तिथे करार संपला होता आणि रीतसर मुलाखती झाल्या. अर्ध्या सीझनमध्ये कुणी काढलं नव्हतं. आणि बदलाचं फळ कधीकधी उशिरा मिळतं. केसी घरच्यांसाठी सीझननंतर थांबला आणि जेम्स राउसन आला. २०१९ च्या मिनेसोटा ट्विन्सचा हिटिंग कोच तोच, ज्या संघाने ३०७ होमरनचा विक्रम केला. २०२४ मध्ये यांकीज थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत.

आकडेमोड

आणि त्याच हिवाळ्यात हुआन सोटो आला, ४१ होमरन त्याचे. जज धडधाकट, ५८ त्याचे. दोघांचे मिळून ९९, संघाचे २३७. राउसन चांगला असेलच, पण आधी हे दोघे मोजा.

सॉफ्टबॉलची आई

एडिसनकर, त्या बाई पंचवीस वर्षं शिकवतायत. तो मुद्दा तुमचा.

एडिसनकर

मानलंत, आभार ताई. मेहुण्याला सांगायचं राहिलं होतं ते इथे सांगतो. लॉसनला पुढच्या सीझनसाठी बोस्टनच्या रेड सॉक्सनी घेतलं, मायनर लीगमधल्या (खालच्या पातळीवरच्या) पोरांची बॅटिंग बघायला. यांकीजच्या हाडवैरी रेड सॉक्सनी!