‘अँटिगनी’चा नागपुरातील प्रयोग: शेवट ठाऊक असूनही एवढा ताण कशामुळे?

धंतोलीकर

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात शंकरनगर भागातील एका छोट्या सभागृहात, शहरातल्याच तरुण कलावंतांनी केलेला ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’चा मराठी प्रयोग पाहिला. त्याविषयी जाणकारांशी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. नाटक इ.स.पू. ४४१ च्या सुमाराचे. थीब्ज या ग्रीक नगराच्या गादीसाठी लढताना दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या हातून मरतात. त्यांचा मामा क्रेऑन राजा होतो, एका भाच्याचे अंत्यविधी मानाने करतो आणि दुसऱ्याचे प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकण्याचा हुकूम काढतो. बहीण अँटिगनी तो हुकूम मोडते आणि त्यापायी जिवंतपणी गुहेत कोंडली जाते.

प्रयोगात रंगमंच असा नव्हताच. प्रेक्षक दोन्ही बाजूंना समोरासमोर बसलेले, मधल्या अरुंद पट्ट्यात काळ्या मातीचा एक चौकोन, आणि प्रेत अखेरपर्यंत दाखवलेच नाही. क्रेऑन जाहीर सभेत बोलावे तसा माइकवरून हुकूम वाचतो. पुढे तोच माइक मातीशेजारी आडवा पडलेला असताना अँटिगनी मूठ उघडते, तेव्हा ढेकळे जमिनीवर पडल्याचा आवाज सभागृहभर घुमतो. माझ्या शेजारच्या बाई त्या आवाजाने अक्षरशः दचकल्या.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कथा पूर्वी वाचलेली होती, कोण मरणार हेही ठाऊक होते. तरीही शेवटचा अर्धा तास मी खुर्चीच्या कडेवर बसून होतो, हे कसे घडले? आणि प्रेतावर नेमलेल्या पहारेकऱ्याच्या तोंडी वऱ्हाडी घातल्यामुळे सभागृहात हशा पिकला, तो मला खटकला. दिग्दर्शकाचा हा निर्णय आपल्याला योग्य वाटतो का?

विंगेतून

मीही हा प्रयोग पाहिला. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मूळ संहितेतच आहे, आणि दिग्दर्शकाने ते नेमके हेरले. टायरेसियस या अंध द्रष्ट्याच्या भाकिताने क्रेऑन हादरतो आणि आता काय करू असे कोरसला, म्हणजे नगरातील वृद्धांच्या समूहाला, विचारतो. कोरस सांगतो की मुलीला गुहेतून सोडव आणि प्रेताला मूठमाती दे. आधी मुलगी, मग प्रेत. क्रेऑन ते मान्य करून निघतो; परंतु नंतर दूत येऊन जे सांगतो त्यात क्रम उलटा झालेला आहे. त्यांनी प्रथम प्रेताला स्नान घातले, दहन केले, वर मातीचा उंचवटा रचला, आणि त्यानंतर ते गुहेकडे वळले. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला होता.

वाचताना हा क्रम सहज नजरेतून निसटतो. या प्रयोगात मात्र दूत बोलत असताना क्रेऑन मातीच्या चौकोनाशी गुडघे टेकून बसतो आणि तळहाताने ती माती सावकाश सारखी करत राहतो. वेळ हातातून चालला आहे हे आपल्याला दिसते, त्याला दिसत नाही. शेवट ठाऊक असल्यामुळेच ते पाहवत नाही. ही हालचाल ज्याला सुचली त्याने संहिता किती वेळा वाचली असेल, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

अँटिगनी माती टाकताना मूळ नाटकात दिसत नाही; पहारेकरी येऊन सांगतो, तेव्हा ते कळते. तो प्रसंग दाखवल्याने काही बिघडले असे मला वाटत नाही, कारण तिचा बेत पहिल्याच प्रवेशात, बहीण इस्मिनीशी बोलताना, आपल्याला कळलेला असतो.

उमरेड रोड

वऱ्हाडीविषयी मला ठामपणे बोलायचे आहे. सोफोक्लीसने हा पहारेकरी इतरांहून वेगळाच लिहिला आहे: घाबरलेला, घोळ घालणारा, जिवाला जपणारा सामान्य माणूस. ‘मी धावत आलो असं नाही म्हनत जी, चार पावलं टाकली का मन म्हने, कायले जाऊन राहिला बे मरायले?’ हे वाक्य मूळ आशयाला धरूनच आहे आणि त्यावर हसू येणे नाटककाराला अपेक्षितच असावे. आपली बोली मुंबई-पुण्याच्या नाटकांत नोकराच्या किंवा बावळटाच्या वाट्याला येते, हे दुःख मलाही आहे. पण इथे तसे झाले नाही. हाच माणूस अँटिगनीला पकडून आणतो तेव्हा म्हणतो की आपला जीव वाचला याचा आनंद आहे आणि आपल्या माणसाला संकटात लोटल्याचे दुःखही आहे. त्या वाक्यावर सभागृहात कोणीही हसले नाही. तीच बोली, तोच नट. माझी तक्रार उलट दिशेने आहे: कोरसमधील पाच वृद्धांपैकी निदान दोघे वऱ्हाडीत का बोलले नाहीत? शहाणपणाचे बोल प्रमाण मराठीतच निघतात असे थोडेच आहे?

निवृत्त शिक्षिका

‘उमरेड रोड’ यांच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे.

मला हेमॉन आणि क्रेऑन यांच्या प्रवेशाबद्दल लिहायचे आहे, कारण माझ्या मते प्रयोगाचा कणा तोच होता. हेमॉन हा क्रेऑनचा मुलगा आणि अँटिगनीचा वाग्दत्त वर. तो बापाला प्रथम अतिशय नम्रपणे समजावतो: पुराच्या लोंढ्यात वाकणारी झाडे तगतात, ताठ राहणारी मुळासकट उखडली जातात. तुकोबांमुळे महापूर आणि लव्हाळे आपल्या ओळखीचे आहेत, म्हणून या वाक्याला प्रेक्षकांतून जी दाद आली ती मनापासूनची होती. पुढे क्रेऑन विचारतो की राज्य कसे करावे हे आता नगर मला सांगणार का, तेव्हा मुलाचा आवाज चढत नाही, उलट खाली उतरतो. तरुण नटाकडून एवढा संयम क्वचितच पाहायला मिळतो.

ग्रीक नाटकात मृत्यू बहुधा दृष्टीआड घडतात. आपल्याकडेही नाट्यशास्त्राच्या परंपरेने रंगमंचावरील मृत्यू टाळलेलाच आहे, म्हणून संस्कृत नाटककार भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो ते इतके वेगळे वाटते. या दिग्दर्शकाने प्रकाशझोत आणि ध्वनी यांचा मोकळा वापर केला, पण एकही मृत्यू दाखवण्याच्या मोहात तो पडला नाही, हे मला फार मोलाचे वाटले.

धंतोलीकर

क्रमाचा मुद्दा वाचून मी संहिता पुन्हा काढली. दूताचे भाषण आता वेगळेच वाचले जाते. पहारेकऱ्याचे ते दुसरे वाक्य हशाच्या नादात माझ्याकडून नीट ऐकले गेले नव्हते. ‘उमरेड रोड’, आभारी आहे.

विंगेतून

एक सूचना दिग्दर्शकापर्यंत पोहोचावी म्हणून इथे लिहितो. हेमॉनने गुहेत स्वतःवर तलवार चालवली हे ऐकून त्याची आई युरिडिसी एक शब्दही न बोलता आत निघून जाते, आणि हे मौन शुभ नव्हे असे कोरस म्हणतो. या ठिकाणी प्रयोगात व्हायोलिन वाजवले होते. ते काढून टाकावे. समोरासमोर बसलेल्या प्रेक्षकांच्या मधून ती चालत जाते, तेव्हा तिच्या पावलांचा आवाज पुरेसा आहे.