जाळायचाच आहे, तर बडग्या एवढ्या निगुतीने घडवायचा कशाला?

बुधवारीकर (धागाकर्ता)

मुद्दा सरळ मांडतो. रोगराई, पिकाची नासाडी, घरातल्या कमावत्याची गेलेली नोकरी, अशा उलथापालथीत माणसाला उभारी कशाने येते? प्रवचनाने येते, पण सतरंजी गुंडाळेपर्यंत टिकते. हाताने काही घडवलं तर जास्त टिकते, आणि याचा दाखला आपल्याच नागपुरात आहे. मारबत म्हणजे मिरवून जाळायचा बाईचा पुतळा. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, दोघींची नेहरू पुतळ्याजवळ गाठ पडते आणि ‘इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत त्यांना शेवटी जाळतात. काळी म्हणजे संकट. पिवळी मात्र देवी, तिच्या पायावर लेकरं घालतात. म्हणजे जिला जाळायचं तिलाच आधी नमस्कार! सोबत चालू काळाला टोमणे मारणारे पुतळे, म्हणजे बडगे, असतातच.

माझं म्हणणं, यंदा वस्तीने बडग्या सांगून न आणता स्वतः करावा. चार फुटी बडग्याला दोन बांबू पुरतात. एक कण्याला आणि आडव्या हातांना, दुसरा चिरून कामट्या काढायला. डोकं, छाती, पोट यांना कामट्यांची कडी, बांधायला पाव किलो सुतळी. बांबू ओला मिळाला तर तो सुकताना आकसतो आणि गाठी सैल पडतात, म्हणून चौथ्या दिवशी सगळ्या गाठी पुन्हा आवळायच्या. हे विसरलं की ऐन मिरवणुकीत बडग्याची मान लुळी पडते.

खळीसाठी एक वाटी मैदा आधी तेवढ्याच थंड पाण्यात कालवायचा आणि मग चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ढवळत ओतायचा. कोरडा मैदा थेट उकळीत टाकला की गुठळ्या झाल्याच. पेपर कात्रीने कापू नका, फाडा. फाटलेली कड बसते, कापलेली वर उचलते. थर चार. एक मराठी पेपरचा, पुढचा इंग्रजी पेपरचा, म्हणजे कुठे जागा सुटली ते डोळ्याला लगेच दिसतं.

तिसरा थर सुकला की प्रत्येकाने त्यावर आपली पीडा लिहायची. नाव नको. मग वरून चौथा थर. वाचणार कोणीच नाही, आणि तरी लिहिलेलं त्या अंगात आहे हे सगळ्यांना माहीत. माझ्या लेखी प्रार्थनेला आणखी काय लागतं?

शंकेखोर

लागतं. ज्याच्याकडे मागणं मांडायचं तो लागतो. तुमच्या बडग्यात नुसता मैदा आहे.

हात गुंतले की डोकं शांत होतं हे मान्य, पण ते शेंगा सोलतानाही होतं. त्याला समाधान म्हणा, आशा म्हणू नका. आशेला उद्या काहीतरी वेगळं करावं लागतं. बडग्या जळून जातो, बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला येतोच.

काहूनबाप्पा

भाऊ, तुमचा अध्यात्म ऱ्हाऊ द्या बाजूले, पयले वाळवायचं सांगा. श्रावणातल्या ओलीत मैद्याचा थर एका रातीत वाळत नाही. वरून कोरडा वाटते, बोट दाबलं का आत गिचगिच. त्याच्यावर दुसरा थर चढवला का ओल आत कोंडते, मंग तिसऱ्या दिवशी काळी बुरशी अन् आंबूस वास. एका थराले दीड दिवस धरा. पंखा आडवा लावा, शेगडीजवळ ठेवू नका, कागद एका बाजूनं आखडते अन् नाक वाकडं होते. मोरचूद टाकला तर खळ टिकते, पण ते विष हाय. लेकरं बसणार असन तर मोरचूद नाहीच, रोजची खळ रोज शिजवा.

आन् एक. आख्खा बांबू जाळायले टाकू नका. बंद पेर तापलं का आतली हवा अन् ओल फुगून फट्कन फुटते, कामटी डोळ्यात जाते. हरेक पेराले आधी भोक पाडा. थर्माकोल तर अजिबात नको, जळता थेंब खाली पडते अन् कातडीले चिकटते.

महालातली

पुतळा करण्याआधी तो कोणाचा, हे ठरवा. काळी मारबत भोसल्यांच्या राजघराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, तिने इंग्रजांना साथ दिली म्हणून. 1853 मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. वारस नसल्याचं कारण दाखवून राज्य घेतलं इंग्रजांच्या गव्हर्नर जनरल डलहौसीने, आणि जळते कोण? बाई. दुसरी कथा पूतनेची, तीही बाईच. सृजन, नवी पालवी वगैरे शब्द ऐकायला गोड आहेत, पण संकटात हाताला आधी सुचतं ते कोणावर तरी बोट दाखवणं. बडग्यांचंही तेच. टोमणा मारला की आपली जबाबदारी संपल्यासारखं वाटतं.

म्हणून माझी अट साधी आहे. बडग्याला चेहरा कोणत्याही माणसाचा नको. पाण्याच्या टाकीचा करा, औषधाच्या बिलाचा करा.

बुधवारीकर

@महालातली, अट मान्य. बिलाला हातपाय कसे लावायचे ते बघू.

@काहूनबाप्पा, पेराचं भोक माझ्याकडून राहिलंच होतं. दीड दिवसाच्या हिशेबाने चार थरांना सहा दिवस, सांगाड्याला चार. म्हणजे दहाव्या दिवशी जेमतेम काम हातावेगळं होतं आणि रंगाला दिवस उरत नाही. पोळ्याआधी बारा दिवस तरी बसायला हवं.

@शंकेखोर, शेंगा सोलताना शेजारच्या घरातलं दुःख तुमच्या हाताखाली येत नाही. इथे येतं, झाकलेलं का होईना.

नोंदवही

जाळणं हा एक मार्ग झाला. विदर्भाने याच्या उलटा मार्गही दाखवलाय आणि तो फार जुना आहे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यावर शिष्यांचा आधारच तुटला होता. रिद्धपूरला नागदेवाचार्यांच्या सांगण्यातून म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा करायला घेतल्या. साधारण 1278 चं हे काम. पद्धत बघा: ज्याने प्रसंग पाहिला किंवा ऐकला त्याच्याकडे जायचं, विचारायचं, दुसऱ्याकडून पडताळायचं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर एकाला खोटं न पाडता दोन्ही ठेवायचे. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्या आठवणीतून ‘लीळाचरित्र’ पुन्हा उभं केलं गेलं, म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ आहेत.

शोकात असलेल्या माणसांनी केलेलं याहून मोठं काम मराठीत कोणतं? आणि त्यात ‘मला काय वाटतं’ याला जागा नाही. वाक्यं छोटी, स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, एवढंच. उभारी हवी असेल तर आपली पीडा लिहून जाळण्यापेक्षा दुसऱ्याचं ऐकून नीट उतरवा. एका वेळी एकच माणूस, अर्धा तास, आणि त्याच रात्री शाईने लिहून काढायचं. दोन दिवसांनी लिहिलं की त्याच्या तोंडी आपले शब्द येतात.

वॉर्डातली

लिहून झाकणे यावर अभ्यास झालेला आहे, म्हणून थोडं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनातल्या खोल जखमेबद्दल लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. मात्र लिहून उठल्या-उठल्या मन हलकं होत नव्हतं, उलट जड होत होतं. नंतर बऱ्याच जणांनी हे करून पाहिलं, सरासरी फायदा निघाला तो लहानच.

यातून तुमच्या बडग्यासाठी दोन गोष्टी निघतात. एकदाच, घोळक्यात, दोन ओळी लिहून तो परिणाम मिळणार नाही. आणि लिहिल्यावर कोणी रडायला लागलं तर ‘चला चला, चौथा थर लावा’ म्हणून हात पुढे करू नका. अर्धा तास मोकळा ठेवा, चहा ठेवा. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगून काय करू असं कोणी म्हणतंय, तर ते बडग्याचं काम नव्हे. 14416 या टेली-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

खंजिरी

सगळ्यांचं वाचलं. यात रोजचं काय आहे? मारबत वर्षातून एकदा, पेनबेकरांचे चार दिवस. संकट मात्र रोज सकाळी उठून उभं असतं.

तुकडोजी महाराजांना 1942 मध्ये अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. बाहेर चिमूर-आष्टीने त्याच वर्षीच्या उठावात सोसलेलं ताजं होतं. त्यांच्याकडे साधन काय, तर खंजिरी आणि आवाज. सामुदायिक प्रार्थनेची खरी ताकद तिच्या ठरलेल्या वेळेत आहे. रोज संध्याकाळी, मन असो नसो, बसायचं.

वस्तीत सुरू करायचं तर आठ-दहा माणसं पुष्कळ. चाळीस मिनिटांवर नेऊ नका, स्वयंपाकाची वेळ झाली की बाया उठतात आणि मग परत येत नाहीत. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तीच मागून. सुरुवात करणारा आपल्या गळ्याची हौस भागवायला उंच स्वर धरतो आणि मागचे दुसऱ्या कडव्यालाच गळतात. स्वर मागच्यांना झेपेल तो धरा. कातडी खंजिरी पावसाळ्यात ढिली पडून थप्प-थप्प बोलते, दिव्याच्या उबेवर फिरवून घ्या, ज्योतीपासून वीतभर लांब. फायबरच्या पानाला हा त्रास नाही, पण तो नाद मला टिनाच्या डब्यासारखा लागतो. आणि नवं कडवं वस्तीतल्यांनीच जोडावं. सृजन म्हणाल तर ते हे.

निळी शाई

इथे सगळे एकच गोष्ट गृहीत धरताहेत, की आधी कला आणि तिच्यातून आशा. नागपुरातली सगळ्यात मोठी उलटफेर आठवा. 14 ऑक्टोबर 1956, बाबासाहेबांसोबतची धम्मदीक्षा. त्या दिवशी लाखो माणसांनी आधी निर्णय घेतला, 22 प्रतिज्ञा घेतल्या. काय सोडणार आणि काय धरणार, हे बोलून दाखवलं. दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्या धक्क्यात माणसं विखरून जायला हवी होती. गेली नाहीत, कारण पाय कुठे ठेवायचा ते ठरलेलं होतं. भीमगीतांचं पीक आलं ते त्या ठरलेल्या जमिनीवर. वामनदादा कर्डकांसारखे शाहीर गावोगाव फिरले. हार्मोनियम, ढोलकी आणि मागे कोरस एवढ्यावर रात्र उभी राहायची. चाली लोकांच्या ओळखीच्या, म्हणजे नवा विचार ऐकताना चाल शिकायचं ओझं नाही.

म्हणून शंकेखोरांचं अर्धं बरोबर. बडग्याच्या तिसऱ्या थरावर ‘पीडा’ लिहिता, तिथे ‘मी उद्यापासून काय करणार’ हेही लिहा. आणि ती ओळ झाकू नका, वरच्या थरावर येऊ द्या.

शंकेखोर

हे पटलं. पण मग ती जाळायची कशी? स्वतःची प्रतिज्ञा नाईक तलावावर नेऊन पेटवणार?

निळी शाई

प्रश्न बरोबर आहे. प्रतिज्ञेची वेगळी पट्टी करा, जाळण्याआधी बडग्याच्या गळ्यातून काढून घ्या. नोंदवहीत चिकटवा.

नोंदवही

चिकटवतो, पण वरची खळ लागलेली असेल तर त्या पट्टीला झुरळं येतील. डिंकाने चिकटवा.

आणखी एक सुचवतो. डोकं सांगाड्यावर न करता मूर्तिकारांच्या चितार ओळीतून माती आणून मातीवर करा. मातीचं तोंड घडवायचं, काम थांबलं की ओलं फडकं टाकायचं, नाही तर भेगा. त्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळ नको, म्हणजे मातीला चिकटत नाही. मग खळीचे थर. सुकलं की कानामागून चिरून दोन अर्ध सोडवायचे आणि पट्टीने जोडायचे. कागदाचं तोंड जळतं, मातीचं घरात राहतं आणि पुढच्या पोळ्याला पुन्हा कामी येतं. जाळणारे आणि जपणारे, दोघांचंही भागलं.

महालातली

मी बिलाचा चेहरा सांगितला होता. तुम्ही पुन्हा नाक-डोळ्यांवर आलात.

काहूनबाप्पा

अन् मातीचं तोंड जपून ठेवलं तर दरसाली तेच तोंड येईन ना बाप्पा. पीडा नवीन अन् थोबाड जुनं?

बुधवारीकर

माती भिजवली की नाक बदलता येतं. फक्त पोळ्याच्या आदल्या रात्री नको, दीड दिवस वाळवायचा आहे.