मदत हवी आहे : आखाड्यावर नेट आणि जुना लॅपटॉप

राम राम मंडळी. आम्ही जिंतूर तालुक्यात शेतातल्या आखाड्यावर (शेतवस्तीवर) राहतो. पुतणी बीसीए (संगणकाची पदवी) करते, कोडिंग मोबाइलवरच. २०११च्या जनगणनेत देशातल्या जेमतेम ९.५ टक्के घरांत संगणक होता, नेटसकट तर ३.१ टक्केच. तेव्हा आम्ही त्यात नव्हतो, आजही नाही!

जुना लॅपटॉप बघतोय, वीस हजारांच्या आत. दुकानदार पाचव्या जनरेशनचा आय-फाइव्ह (इंटेलचा प्रोसेसर) गळ्यात मारतोय. पण इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्यापासून पुढेच चालतं आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मग विंडोजऐवजी उबुंटू (फुकटची लिनक्स सिस्टीम) टाकून घ्यावा का? ४ जीबी रॅमवर भागेल?

खरं कोडं नेटचं. भारतनेटची (गावोगावी नेट नेणारी सरकारी योजना) फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलीय, आखाडा तिथून दोन किलोमीटर. एवढ्या लांब कुणी कनेक्शन ओढलंय का? केबल, खांब कुणाच्या खर्चानं? की पत्र्यावर अँटेना लावून फोर-जी राउटरच बरा? लाईट शेती फिडरची, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी राउटरला चालते का? कुणी जोडली असेल तर फोटो टाका.